गाण्याला घर हवं!

मुलांनो, ‘बँड’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं?

आमच्या चकलांब्याला पाचवीच्या वर्गात मी हाच प्रश्न विचारला. लगेच दहा-बारा हात वर झाले. एकजण म्हणाला, “सर, लाल डगलेवाले!” दुसरी म्हणाली, “वरातीत पुढं चालतात ते!” आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “आता बँड कुठं राहिलाय सर, आता डीजे असतो!” सगळा वर्ग हसला.

मुलांचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे बँड म्हणजे लग्नातला. क्लॅरनेट, ताशा, मोठा ढोल, गळ्यात अडकवलेला कॅसिओ आणि मागे गाड्यावर ठेवलेला कर्णा. ही माणसं उन्हातान्हात तासन् तास वाजवतात. कुठलंही गाणं एकदा ऐकलं की बिनचूक वाजवून दाखवतात. पण जरा विचार करा, ते वाजवतात ती गाणी कुणाची? सिनेमातली. आणि कुणाच्या आवडीची? नवरदेवाच्या मित्रांच्या! फर्माईश येईल ते वाजवायचं, हाच त्यांचा धंदा.

आज मी तुम्हांला दुसऱ्या जातीच्या बँडची गोष्ट सांगणार आहे. हे बँड फर्माईश घेत नाहीत. स्वतःच गाणं लिहितात, स्वतःच चाल लावतात आणि स्वतःच वाजवतात. सिनेमा नाही, हिरो नाही, मोठी कंपनी पाठीशी नाही. म्हणून त्यांना म्हणतात स्वतंत्र बँड. इंग्रजीतल्या ‘इंडिपेंडंट’ या लांबलचक शब्दाचं शेपूट कापून लोक त्यांना नुसतं ‘इंडी’ बँडही म्हणतात.

एका बंगल्याची गाणी

आपल्या देशातला असा एक जुना आणि नावाजलेला बँड म्हणजे ‘इंडियन ओशन’, म्हणजे हिंदी महासागर. १९९० साली दिल्लीत त्याची सुरुवात झाली. गिटार वाजवणारे सुस्मित सेन आणि तबला वाजवत गाणारे अशीम चक्रवर्ती हे दोघे मित्र आधीपासून एकत्र वाजवत होते. पुढे राहुल राम आले, मग अमित किलम आले. गंमत म्हणजे यातले राहुल राम हे परदेशात शिकून आलेले पर्यावरणशास्त्राचे डॉक्टर! ते नर्मदेच्या खोऱ्यात धरणग्रस्तांबरोबर काम करत होते. तिथलंच नर्मदामाईचं एक लोकगीत पुढे या बँडनं ‘मा रेवा’ या नावानं वाजवलं आणि ते देशभर गाजलं. रेवा म्हणजे नर्मदा. आपल्या महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्याला चाटून वाहते ना, तीच.

आणखी एक गंमत सांगतो. अमित किलम ‘गबगुबी’ नावाचं एक वाद्य वाजवतात. बगलेत धरायचं, एका हातानं तार ताणायची, दुसऱ्या हातानं ती छेडायची. की ‘गुबुक्‌ गुबुक्‌’ असा नाद येतो. चित्र पाहिल्यावर आमच्या वर्गातली मुलं ओरडली, “अहो सर, हे तर चौंडकं!” अगदी बरोबर. बंगालमधली गबगुबी ही आपल्या देवीच्या भक्तांजवळच्या चौंडक्याची सख्खी चुलत बहीण शोभावी अशीच आहे. बघा, ज्या वाद्याकडे आपण जत्रेत ढुंकून पाहत नाही, त्याच्या बहिणीला हजारो लोक तिकीट काढून ऐकतात!

नवी गाणी जमली की बँड त्यांचा अल्बम काढतो. अल्बम हा शब्द तुम्हांला लग्नाच्या फोटोंमुळे ठाऊक आहे. मग गाण्यांना तो कसा चिकटला? पूर्वी ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचं गाणं मावायचं. म्हणून पुष्कळ तबकड्या एका जाड पुठ्ठ्याच्या वहीसारख्या बाडात घालून विकत. ते बाड दिसायचं थेट फोटोंच्या अल्बमसारखं! तबकड्या गेल्या, कॅसेटी आल्या आणि गेल्या, आता गाणी मोबाइलवर आली. नाव मात्र टिकून राहिलं.

इंडियन ओशनच्या एका अल्बमचं नाव मोठं मजेशीर आहे, ‘१६/३३० खजूर रोड’. हा चक्क एक पत्ता आहे! दिल्लीतल्या करोल बाग भागात एक जुना बंगला होता. त्यात ही मंडळी वर्षानुवर्षं तालीम करत. गाणी तिथंच सुचली, तिथंच घासूनपुसून तयार झाली. म्हणून २०१० साली अल्बम काढताना त्यांनी त्या घराचंच नाव गाण्यांना दिलं. महिन्याला एक अशी सात गाणी त्यांनी इंटरनेटवरून लोकांना फुकट दिली. त्यात अशीम चक्रवर्तींचा आवाज आहे. पण ती गाणी लोकांपर्यंत पोचली तेव्हा ते नव्हते. २५ डिसेंबर २००९ रोजीच ते गेले होते. पुढे सुस्मित सेनही बाहेर पडले, नवे साथीदार आले, पण बँड थांबला नाही. २०२३ मध्ये त्यांनी ‘तू है’ हा नवा अल्बम काढला. म्हणजे तेहतीस वर्षांनंतरही नवी गाणी चालूच!

गाणं मोबाइलवर आहे, मग कार्यक्रम कशाला?

तुम्ही विचाराल, “गाणी मोबाइलवर ऐकता येतात, मग लोक तिकीट काढून कार्यक्रमाला का जातात?”

याचं पहिलं उत्तर पोटापाण्याचं आहे. मोबाइलवर तुम्ही एक गाणं एकदा ऐकलंत, तर बनवणाऱ्याच्या हाती अगदी नगण्य पैसे पडतात. म्हणून नवा अल्बम निघाला की बँड गावोगावी कार्यक्रम करत हिंडतो. तिकिटांच्या पैशांवरच पुढच्या गाण्यांची तयारी होते.

दुसरं उत्तर विज्ञानाचं आहे. ते वाचू नका, करून पाहा. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या रिकाम्या खोलीत जा आणि एक खणखणीत टाळी वाजवा. टाळी संपली तरी तिचा आवाज खोलीत थोडा वेळ घुमत राहील. आता हाच प्रयोग वर्ग मुलांनी भरलेला असताना करा. टाळी लगेच विझेल! असं का? आवाज एका सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. समोर टणक भिंत आली की चेंडूसारखा परत फिरतो. पण माणसांचे कपडे आणि शरीरं त्याला शोषून घेतात. चांगल्या नाट्यगृहाच्या भिंती, छत आणि खुर्च्या यांची आखणी अशी करतात, की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा, पण घुमून त्याचा काला होऊ नये. आणि ही आखणी करताना तिथे बसणाऱ्या श्रोत्यांनाही हिशेबात धरावं लागतं. म्हणजे पाहा, श्रोता नुसता ऐकत नाही. त्याच्या असण्यानं गाण्याचा आवाजच बदलतो!

सतरा वर्षांचा मालक

स्वतःचा संच काढायचा, स्वतःच्या हिमतीवर चालवायचा, ही गोष्ट मराठी माणसाला मुळीच नवी नाही बरं का! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आपल्या संगीत नाटक कंपन्या दुसरं काय करत होत्या? आपली नाटकं, आपली पदं, आपले साजिंदे घेऊन त्या गावोगावी फिरत.

कोल्हापूरचे केशवराव भोसले अगदी लहानपणी नाटक कंपनीत गेले. ‘संगीत शारदा’ या नाटकातली त्यांची शारदा इतकी गाजली, की लोक त्यांच्या गाण्यासाठी पुन्हा पुन्हा येत. आणि १९०८ साली, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ ही कंपनी काढली. सतरावं वर्ष म्हणजे आजचा बारावीतला मुलगा! जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी बालगंधर्वांबरोबर ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग केला. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक, पण देशाच्या कामासाठी दोन्ही मालक एका रंगमंचावर उभे राहिले. पुढे तीनच महिन्यांत केशवराव वारले. तेव्हा ते फक्त एकतीस वर्षांचे होते.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली एक देखणं नाट्यगृह बांधून पूर्ण केलं होतं. तेव्हा त्याला ‘पॅलेस थिएटर’ म्हणत. पुढे त्याला केशवरावांचं नाव मिळालं. आणि मग ८ ऑगस्ट २०२४ ची ती रात्र आली. नाट्यगृहाला भीषण आग लागली. रंगमंच, खुर्च्या, छप्पर सगळं जळालं. दुसरा दिवस होता ९ ऑगस्ट, म्हणजे केशवरावांची जयंती! ज्यांनी त्या रंगमंचावर पहिल्यांदा पाऊल ठेवलं होतं असे कलावंत धुरानं काळ्या झालेल्या भिंतींसमोर उभे राहून रडले. नाट्यगृह पुन्हा उभारायचं ठरलं, त्यासाठी सरकारनं निधी दिला आणि काम हाती घेतलं गेलं.

आता तुम्हांला वाटेल, इतकं मोडलेलं घर पुन्हा पहिल्यासारखं होतं का? होतं! त्याचं उदाहरण मुंबईत आहे.

तेवीस वर्षं बंद असलेलं दार

मुंबईत चर्नी रोड स्टेशनजवळ, गिरगावात ‘रॉयल ऑपेरा हाऊस’ नावाचं नाट्यगृह आहे. कलकत्त्याहून आलेले मॉरिस बँडमन आणि मुंबईचे पारशी व्यापारी जहांगीर फ्रामजी कराका या दोघांनी ते उभारलं. १९११ साली इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज भारतात आले होते. ज्यांच्या स्वागताची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया बांधलं, तेच हे राजे. त्यांच्या हस्ते उद्घाटन उरकून घेतलं, पण गंमत अशी की नाट्यगृहाचं बांधकाम तेव्हा पुरं झालंच नव्हतं! आपल्याकडेही असं कधी कधी होतं, नाही का?

पुढे या रंगमंचावर बालगंधर्व गायले, मास्टर दीनानाथ गायले, पृथ्वीराज कपूर यांची नाटकं झाली. छताला मोठा घुमट आणि त्यावर कवी, नाटककार, चित्रकार यांच्या सन्मानार्थ रंगवलेली चित्रं. दिवाणखान्यात लखलखती झुंबरं. घुमटाची रचना अशी, की वरच्या गॅलरीत स्वस्तातल्या तिकिटावर बसलेल्यालाही शब्द न् शब्द ऐकू यावा.

मग जमाना सिनेमाचा आला. नाट्यगृहाचं चित्रपटगृह झालं. पडद्यासाठी, सिनेमाच्या यंत्रांसाठी आत तोडफोड झाली. १९५२ साली सौराष्ट्रातल्या गोंडलच्या महाराजांनी ही वास्तू विकत घेतली. पुढे घरोघरी टीव्ही आला, व्हिडिओ आला. खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. प्रेक्षक नाहीत म्हणून उत्पन्न नाही, उत्पन्न नाही म्हणून डागडुजी नाही, आणि डागडुजी नाही म्हणून प्रेक्षक आणखी कमी! अखेर १९९३ साली दाराला कुलूप लागलं.

एक नाही, दोन नाही, तेवीस वर्षं ते दार बंद होतं. त्या चौकाला मुंबईकर ‘ऑपेरा हाऊस’ म्हणत राहिले, बसचे कंडक्टर त्याच नावानं ओरडत राहिले, पण आतलं गाणं थांबलं होतं.

पुढे मालकांनीच दुरुस्ती करायचं ठरवलं. जुन्या वास्तू जपणाऱ्या तज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्याकडे हे काम आलं. आता, जुनी इमारत दुरुस्त करणं म्हणजे नवा रंग फासणं नव्हे. जुने फोटो शोधायचे आणि मूळची रचना कशी होती ते त्यांवरून ताडायचं. रंगाचे एकावर एक बसलेले थर हलक्या हातानं खरवडायचे आणि तळचा पहिला रंग कोणता होता ते पाहायचं. सिनेमासाठी केलेले बदल काढून टाकायचे. फार चिकाटीचं काम! २०१२ साली जगातल्या धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत या नाट्यगृहाचं नाव आलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं.

शेवटी २१ ऑक्टोबर २०१६ रोजी दार उघडलं. पहिलं गाणं गायल्या मुंबईतच जन्मलेल्या, पण इंग्लंडमध्ये नाव कमावलेल्या ऑपेरा गायिका पॅट्रिशिया रोझारिओ. साडेपाचशेच्या वर खुर्च्या पुन्हा भरल्या. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, युनेस्कोनं या कामाला पुरस्कार दिला. तेव्हापासून तिथे नाटकं झाली, शास्त्रीय गाणं झालं, जॅझ झालं आणि स्वतःची नवी गाणी घेऊन येणारी तरुण मंडळीही त्या जुन्या घुमटाखाली उभी राहिली. नवं गाणं आणि जुनं घर, दोघांनाही एकमेकांचा आधार झाला.

आणि आपलं गाव?

तुम्ही म्हणाल, “सर, मुंबईचं काय सांगता? आमच्या गावात कुठलं ऑपेरा हाऊस?”

आहे की! मारुतीचा पार आहे. देवळाचा सभामंडप आहे. सप्ताहाला तिथे भजनी मंडळ उभं राहतं, तेव्हा पखवाज वाजवणारा आपल्याच गावचा असतो आणि टाळकरीही आपलेच. शाळेचा ओटा आहे. त्यावर दरवर्षी गॅदरिंग होतं. पण त्या ओट्यावर आपण काय करतो? मोबाइल स्पीकरला जोडतो, सिनेमाचं गाणं लावतो आणि त्यावर नाचतो. नाचायला काहीच हरकत नाही, मलाही आवडतं. पण पूर्ण कार्यक्रमात एकही गाणं आपलं नसतं. मग आपण तरी वरातीच्या बँडहून वेगळे काय केलं? त्यांना निदान वाजवता तरी येतं!

आता एक खरी गोष्ट सांगतो, आणि मग थांबतो.

तुम्हांला माहीत आहे, आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. दिवाळीच्या सुमाराला निम्मा वर्ग रिकामा होतो. आईबापांबरोबर मुलं कारखान्यावर जातात आणि पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशीच एक चौथीतली मुलगी परत आली. सकाळच्या परिपाठात मी सहज म्हणालो, “कुणी गाणं म्हणणार का?” ती उठली. चाल तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओवीची होती, पण शब्द तिचे स्वतःचे होते. पहिल्या ओवीत गाडीच्या दोन बैलांची नावं होती. दुसऱ्या ओवीत कोपीत निजलेला धाकटा भाऊ होता आणि पहाटे कोयता घेऊन निघालेली आई होती. आणि तिसऱ्या ओवीत शाळेची घंटा होती, जी उसाच्या फडात ऐकू येत नाही.

तीनच ओव्या. माइक नाही, पेटी नाही. पण एरवी चुळबुळ करणारी पोरं पुतळ्यासारखी उभी होती. गाणं संपल्यावर टाळी वाजवायचंही कुणाला सुचलं नाही.

नंतर माझ्या ध्यानात आलं, ही मुलगी गॅदरिंगमध्ये आजवर एकदाही उभी राहिलेली नव्हती. राहणार कशी? गॅदरिंग असतं जानेवारीत, आणि जानेवारीत ती फडात असते. ओटा होता, श्रोते होते, गाणंही होतं. पण तिन्हींची गाठ पडत नव्हती. ऑपेरा हाऊसला कुलूप होतं, आमच्या ओट्याला नव्हतं. तरी या मुलीसाठी तो बंदच होता!

मी ही गोष्ट सहकाऱ्यांना सांगितली, मुलांच्या पालकांपुढेही मांडली. आमचं आता असं चाललं आहे, की गॅदरिंग टोळ्या निघायच्या आत, दसऱ्याच्या आधीच घ्यावं. आणि त्यात निदान एक गाणं मुलांनी स्वतः रचलेलं, स्वतः वाजवलेलं असावं.

तुम्हीही करून पाहा. चौघं-पाचजण जमा. कुणाच्या घरी हलगी असेल, कुणाकडे टाळ असतील, कुणाला पेटीवर बोटं फिरवता येत असतील. काही नसेल तर डबा आणि चमचा कुठं पळून गेलाय? आजीकडून एखादी चाल मागून घ्या. शब्द मात्र तुमचे घाला. तुमच्या रस्त्याचे, तुमच्या विहिरीचे, तुमच्या एसटीचे. आणि तालमीसाठी जागा शोधा. एखादी जुनी खोली, देवळाची ओसरी, पडीक चावडी. जाळी-जळमटं काढा, झाडून घ्या. झाली तुमची ‘१६/३३० खजूर रोड’!

आईबाबांना एक विनंती. मूल घरात काही गुणगुणत असेल तर ‘अभ्यास कर’ म्हणण्याआधी दोन मिनिटं टीव्ही बंद करून ते ऐका. श्रोत्याच्या असण्यानं गाण्याचा आवाज बदलतो, हे मघाशी आपण टाळीच्या प्रयोगात पाहिलंच आहे. ते घरातल्या गाण्यालाही तितकंच लागू आहे.

काय मग, मुलांनो, बसवाल ना एक तरी गाणं? बसवलंत की ते आधी त्या मित्राला ऐकवा, जो गॅदरिंगच्या दिवशी गावात नसतो!